देवीच्या स्वेटरला दोनच बाह्या

डिसेंबरातली दुपार, बालाघाटच्या आमच्या कॉलनीतलं देवीचं देऊळ, मागच्या ओट्यावर छान ऊन... आणि मी भडकलेली. साल दोन हजारच्या आसपासचं असेल. नोकरीतून नुकतीच रिटायर झाले होते, त्यामुळे भडकायला वेळ भरपूर होता.

थंडी पडली की देवीला लोकरीचं काहीतरी विणून घालायचं, ही आमच्या कॉलनीची रीत. मूर्ती हातभर उंचीची, अष्टभुजा. एक छोटी शाल पुरते. त्या वर्षी पाळी होती शेजारच्या सुधाताईंची, आणि त्यांच्या सुयांवर चक्क मोठ्या बाईच्या मापाचा स्वेटर चढला होता!

मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी छडीच्या धाकात विणकाम शिकवलेलं. चुकीचं माप मला सहन होत नाही...

"सुधाताई, आठ हातांच्या देवीला दोनच बाह्या? बाकीचे सहा हात काय गारठून जाणार?"

"राहू द्या ना जी," सुधाताई टाके मोजत म्हणाल्या. "माय घेते सांभाळून."

"आणि हे खिसे? देवी काय त्यात पानपुडा ठेवणार?"

ओट्यावरच्या बायका खो खो हसल्या. सुधाताईही हसल्या, पण खिसा काही उसवला नाही.

खरं तर माझा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. देवळाच्या पायरीवर गंगाबाई झेंडूची फुलं विकायची. म्हातारी, एकटी, अंगावर विटकं सुती लुगडं, आणि खोकला असा की आरतीची घंटा ऐकू येऊ नये. आदल्या हिवाळ्यात ती मरता मरता वाचली होती.

मी माझं चांगलं कार्डिगन नेऊन दिलं, तर तिने घडीसुद्धा न मोडता परत केलं. "मी फुलं इकतो बाई, मांगत नाही." डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

आणि इथे दगडाच्या मूर्तीला ढीगभर लोकर! हे मी सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. मनात काही ठेवायची मला सवय नाही.

गुरुवारी सकाळी धुक्यात आरती झाली. देवी बिचारी त्या स्वेटरमध्ये पार बुडून गेली होती, नुसती नथ दिसत होती. मी हसू दाबत उभी...

आरती संपली तसा पुजारीबुवांनी स्वेटर उतरवला, त्याला कुंकू लावलं आणि थेट पायरीवर गेले. "गंगामाय, देवीच्या अंगावरचा प्रसाद आहे. घे."

गंगाबाईने स्वेटरकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ही बाई हाही परत करते की काय! पण प्रसादाला कोण नाही म्हणतं? तिने हात धुतले, स्वेटर कपाळाला लावला आणि अंगात घातला. बाह्या अगदी मनगटापर्यंत. तंबाखूची चंची खिशात गेली.

मग माझ्याकडे वळून मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "पाहा बाई, मायनं मले देल्लं. तुमचं काहून घेऊ मी?"

मी सुधाताईंकडे पाहिलं. त्या हात जोडून, डोळे मिटून, जगातली सगळ्यात भोळी बाई असल्यासारख्या उभ्या होत्या.

त्या हिवाळ्यात गंगाबाई खोकली कमी आणि गिऱ्हाइकांशी भांडली जास्त. देणं मला येत होतं हो... पण घेणाऱ्याची मान ताठ राहील असं द्यायला मी सुधाताईंकडून शिकले. त्याबद्दल त्यांना आजही मनापासून नमस्कार.

पुढच्या वर्षीची पाळी मी भांडून मागून घेतली. आमच्या कॉलनीचा चौकीदार गंगाबाईइतकाच मानी, फक्त अंगाने चांगला आडवा, आणि थंडीत फाटकं पोतं पांघरून बसायचा.

लोकरीच्या दुकानदाराने डोळे मोठे केले, "बाई, एवढुशा मूर्तीले इतकी लोकर?"

म्हटलं, "बांध रे बाबा... यंदा देवीचं पोट सुटलंय."