देवी टोचायला आलोय

परवा शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या, म्हणून त्यांनी दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले. त्या कडवट वासानं मला थेट राणीसावरगावात नेलं.

साल त्र्याहत्तर असावं. मी देवीच्या रोगाची लस टोचणारा म्हणून नुकताच नोकरीला लागलो होतो; त्या टोचण्याला सगळे 'देवी टोचणं'च म्हणायचे. एका घराच्या दाराला असाच पाला होता. आत थोरली मुलगी अंगभर फोड येऊन पडली होती. चार वर्षांची धाकटी गंगू उंबऱ्यात बसून भाकरी खात होती. तिला अजून वाचवता येत होतं. मी तिच्या आईला म्हणालो, "बाई, हिला देवी टोचायला आलोय."

"देवीला टोचता?" तिनं गंगूला जवळ ओढलं. "ती घरात पाव्हणी आलीय, अन् तुमी सुई घेऊन आलाव?"

"अहो, देवी न्हाई, रोग हाय तो!"

"असं बोलू नका. ती ऐकायलीय. कोपली तर दोघीबी जातील." तिनं गंगूला उचललं आणि दार लावून घेतलं.

'अडाणी बाई' म्हणत मी पुढच्या गल्लीत गेलो.

महिन्याभरानं परत गेलो, तेव्हा थोरली हिंडत होती. गंगूला मात्र देवी येऊन तिचे दोन्ही डोळे गेले होते. आई म्हणाली, "देवीनं जीव ठेवला, तेवढं लय झालं."

ज्या नावापुढं ती रोज हात जोडायची, त्यालाच टोचायची भाषा मी केली होती. तिच्या जागी मीही दार लावलं असतं. 'लेकीच्या दंडाला औषध लावायचंय,' एवढंच म्हणालो असतो, तर कदाचित गंगूची बाही तिनंच वर केली असती.