शेंदराखालचा चेहरा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा गोल बाजारात भांड्याच्या दुकानात नोकर होते, आणि मी प्राचीन इतिहासात एम.ए. केलं. हे मी आजही छाती पुढं काढूनच सांगतो. रायपूर राजधानी झालं, नवे रस्ते झाले, आणि मले तेलीबांध्याच्या एका संस्थेत काम मिळालं. गावोगावच्या जुन्या मूर्ती शोधायच्या, फोटो काढायचा, सोप्या हिंदीत चार ओळी लिहून पेजवर टाकायच्या. आपला वारसा आपल्याच लोकांना कळावा म्हणून. हे काम मी मनापासून केलं. जे झालं ते त्यामुळेच झालं.

नव्या शहराच्या पलीकडे एका गावात तलावाच्या पाळीवर देवी होती. शेंदराचे इतके थर, की नुसता लाल गोळा आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. मागून एक थर निघाला होता, तिथं कोरलेला कान दिसला. मी हरखलो. पूजा करणारा म्हातारा बैगा मात्र आडवा आला.

"दाई के मुँह झन धो, बाबू."

दाईचं, म्हणजे आईचं, तोंड धुऊ नको, एवढंच त्याचं म्हणणं. मी सरपंचाला गाठलं, वारसा काय असतो ते तासभर समजावलं. सरपंच "हव, हव" करत राहिला. मग मीच कोमट पाणी आणि मऊ कापड घेऊन बसलो. दुपारपर्यंत चेहरा निघाला. नाक शाबूत, ओठ किंचित उघडे, जशी काही बोलता बोलता थांबली. मागं बाया उभ्या होत्या. एकीनंही हात जोडले नाहीत. मले वाटलं, थक्क झाल्या.

फोटोखाली मी लिहिलं: तलावाच्या पाळीवर, ना दार ना कुलूप, गावच तिचं राखणदार. वाटही लिहिली, कुठून वळायचं तीसुद्धा. पोस्ट खूप फिरली. दोन महिन्यांत देवीचा ओटा रिकामा झाला. कोणी नेली ते काही कळलं नाही.

आईला सांगितलं तर ती भाजी निवडायची थांबली.

"काहून धुतलं रे तिचं तोंड?"

"लोकायले कळाले पाहिजे ना, आई."

"कळलं ना मंग लोकायले."

मी पोस्ट काढून टाकली. पण ती शंभर ठिकाणी होती. नात्यातल्या एका पोट्ट्यानं तर तोच फोटो मलेच 'सुप्रभात' म्हणून पाठवला. ते उघडे ओठ आरशात दाढी करताना, सिग्नलला थांबलो असताना समोर येत. पुढचा शब्द काही ऐकू येत नसे.

वर्षभरानं एका पोलीस ठाण्यातून फोन आला. ट्रकमध्ये काही मूर्ती सापडल्या होत्या. मी बैगाबाबाला गाडीवर मागं बसवून नेलं. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून पाच दगड ठेवले होते. तिसरी तीच. मी फोटो बाजूला धरला, कानातलं जुळवलं, ओठ जुळवले.

"बाबा, हीच ना?"

म्हातारा तिच्यापुढं उकिडवा बसला. गालावर हात ठेवला. जन्मभर त्यानं रोज तिला शेंदूर लावला होता, पण त्याच्या बोटांना हा गाल माहीतच नव्हता.

"ये तोर फोटो वाली आय, बाबू. हमर दाई नोहय."

ही तुझ्या फोटोतली, आमची आई नव्हे. मी समजावलं, हात जोडले. ओळख पटल्याच्या कागदावर पूजा करणाऱ्याचा अंगठा हवा होता; त्यानं तो उठवला नाही. खोटं बोलून दुसऱ्याची देवी घरी नेणार नाही म्हणाला.

"मैं साइन कर दूँ?" मी ठाण्यातल्या मुंशीला विचारलं.

"आप पूजा करते थे इसकी?"

"नाही," मी म्हणालो. घाईत मराठीतच.

त्यानं कागद फाइलीत ठेवला. शिपायानं मूर्ती उचलून मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत नेली, अंगावर नंबराची चिठ्ठी चिकटवून. नेताना तिचं तोंड माझ्याकडे होतं. तिला ओळखणारा जगात मी एकटाच, आणि माझी ओळख कुठंच चालत नाही.