पहिला फेरा देवीचा

"हात दे."

एवढंच म्हणायची ती. कशी आहेस नाही, बरी आहेस नाही. हात तिच्या ताब्यात गेला की ती अंगठा आत दुमडायची, बोटं एकत्र दाबायची आणि डोळे मिटून मनगट चाचपायची. मग टोपलीतून मापाच्या बांगड्या काढायची. माप कधी चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. चुकायचं, आणि चुकलं की दोष हाताचा. "मागच्या वर्षी एवढा जाड नव्हता गं. खातेस तरी काय?"

कल्याणला आमच्या आळीत ही कासारीण कित्येक वर्षं येत होती. तुमच्याकडेही अशी कुणी येत असेल. ओट्यावर बसते, पाणी मागून घेते, घरातल्या सुनांची माहेरची नावंसुद्धा तिला पाठ असतात, आणि तिचं नाव मात्र कुणी विचारलेलं नसतं. आम्हीही नव्हतं विचारलं. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला पुढारी म्हणायची. मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून पत्रकं वाटत फिरायचो. रेशनच्या दुकानातलं रॉकेल जातं कुठे, नळाला पाणी का नाही, असले माझे विषय. पत्रकांची चळत काखेत घेऊन मी दिसलो की ती लांबूनच ओरडायची, "काय रे पुढारी, आज कुणाचा मुर्दाबाद?"

ती धंद्यासाठी सगळ्या जत्रा फिरायची. घाटावरच्या, मुरबाडकडच्या, ठाण्याच्या. त्यामुळे चैत्रात खाडीकाठच्या देवीची जत्रा जवळ आली की आळीतल्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. बांगड्या भरायला नव्हे, जत्रेचं शिकून घ्यायला. आणि ती शिकवायची, अगदी दटावून.

"ऊन उतरायच्या आधी पाळण्यात बसायचं. दिवे लागले की फिरवणारा ताडी पिऊन येतो. त्याच्या हातात जीव द्यायचाय का?"

"आधी पाळणा, मग भजी. उलटं केलंत तर भजी खालच्या पाळण्यातल्याच्या डोक्यावर."

"चुकामूक झाली तर वडाखाली या. खेळण्यांच्या दुकानापाशी भेटू म्हणू नका. दुकान उद्या दुसरीकडे असतं, वड कुठे जात नाही."

पदर खोचायचा, वेणी आत घ्यायची, मांडीवर पोर घेऊन बसायचं नाही, समोरासमोर सारख्या वजनाच्या दोघी. यातलं पुष्कळ शहाणपणाचं होतं. काही निव्वळ खुळचट होतं. लाल रंगाच्या पाळण्यात बसू नये, फिरवणारा तिरळा असला तर परत फिरावं, दाढेखाली लवंग धरली की पोटात कालवत नाही. यावरून आमची भांडणं व्हायची. मी लवंग खाऊन बसलो आणि उतरल्यावर ओकलो, तर म्हणाली, "लवंग जुनी असेल."

पण तिचा सगळ्यात कडक नियम निराळाच होता. पाळण्यात बसताना हातात काच नको. "दांडी घट्ट धरली की बांगडी पिचते, काच मनगटात घुसते आणि हात आपोआप सुटतो." म्हणजे जत्रेसाठी बांगड्या हिनेच भरायच्या आणि जत्रेत हिनेच उतरवायला लावायच्या. रहाटपाळण्याखाली ती टोपली घेऊन बसायची. पोरी बांगड्या उतरवून रुमालात बांधायच्या, रुमाल तिच्याकडे द्यायच्या आणि मग पाळण्यात चढायच्या. शेजारच्या घरातली तारा यावरून तिला छळायची. बांगड्या उतरवताना दरवेळी विचारायची, "मावशी, बघ ना, मला आता अडीचचं माप लागेल." तिला मोठं व्हायची भारी घाई होती. कासारीण तिचा हात चाचपून म्हणायची, "सव्वादोन. गप बस."

आता त्या प्रथेविषयी. या जत्रेत रहाटपाळण्याचा पहिला फेरा देवीचा असायचा. माणूस बसायचं नाही. खाडीकाठचे दगड गोणपाटात भरून प्रत्येक पाळण्यात ठेवायचे, गुरवानं नारळ फोडायचा आणि पाळणा चांगला जोरात फिरवायचा. लोक हात जोडून उभे. कासारीण मात्र हात जोडत नसे. मान तिरकी करून, एक कान वर लावून ती खाली उभी राहायची. एकदा वरून कसला तरी करकर आवाज आला. "देवीचं मन भरलं नाही," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पाळणेवाल्याला वर चढून कडी बदलावी लागली.

माझं पित्त खवळायचं. स्वराज्य आलं, आणि आम्ही दगडाच्या गोण्यांना हात जोडून उभे! एका वर्षी मी तिला वडाखाली गाठलं. ती बशीत चहा ओतून पीत होती.

"मावशी, हे थोतांड आहे."

"आहेच," ती म्हणाली आणि बशीवर फुंकर मारली.

तीच पुढे बोलली.

"देवी कुठली रे गोणीत? दगड आहेत. माणसांच्या आधी दगड पडलेले बरे. वजन टाकून फिरवून बघा, असं पहिल्या वर्षी मी नीट सांगितलं होतं. पाळणेवाला हसला. पंच म्हणाले, कासारणीनं बांगड्या विकाव्यात. मग पुढच्या वर्षी गुरवाच्या बायकोला बांगड्या भरता भरता सांगितलं, देवी स्वप्नात आली, पहिला फेरा मागते, आणि जड बसणार आहे म्हणते. मला हसले. देवीला कोण हसेल?"

"मग आता खरं सांगून टाक. मी छापतो."

"तुझ्या कागदात भजी बांधतात रे. तेल बरं शोषतो कागद."

तिला एवढं पाळण्याचं काय पडलं होतं, ते मी विचारलं. तिनं बशी पुसून ठेवली. "घाटावरच्या जत्रेत माझी पोर गेली. हात सुटला. बांगड्या सकाळी मीच भरल्या होत्या, हिरव्या." आणि लगेच एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "हात दे."

दोन-तीन वर्षांनी जत्रेची समिती नवी आली. समितीचे प्रमुख नाना. आमच्याच आळीतले, जुन्या घराण्यातले, शिकलेले, बोलणं मऊ. त्यांनी लाकडी पाळण्याच्या जागी मोठा लोखंडी पाळणा बोलावला. उद्घाटनाला कुणी बडे पाहुणे यायचे होते. पाळण्याला तोरणं लागली. आणि गोण्या नानांना खुपल्या.

"देवीच्या पाळण्यात धोंडे?" नाना म्हणाले. "पाहुण्यांसमोर शोभतं का? प्रत्येक पाळण्यात नारळ ठेवा, हळदकुंकू वाहा, हार घाला. देवीचा मान देवीसारखा झाला पाहिजे."

देवळासमोर माणसं जमली होती. कासारीण टोपली खाली ठेवून पुढे झाली.

"नाना, नारळानं भागायचं नाही. देवी जड आहे हो. आणि हा पाळणा नवा, त्याचं आपल्याला काही ठाऊक नाही."

"बाई, दृष्टांत तुम्हालाच झाला होता ना? देवीनं फेरा मागितला होता. दगड मागितले होते का?"

माझ्याकडे तिनं पाहिलं. मी मान हलवली, सांग म्हणून. तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, आणि परत गेलेलंही दिसलं.

"हो. दगडच मागितले होते."

"आज आठवलं वाटतं!" नाना हसले. सगळे हसले. देवीलाही हसता येतं, ते त्या दिवशी कळलं.

पाहुणे आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. नारळ घेऊन पाळणा फिरला. पिसासारखा हलका, आवाज नाही, काही नाही. कासारीण कान लावून होती, पण ऐकणार काय? नारळाला वजन कितीसं?

मग पोरींची रांग लागली. ती रांगेसमोर आडवी उभी राहिली. "नका बसू गं. या वर्षी नका बसू."

"अगं मावशी, पहिला फेरा झाला की!" तारा म्हणाली. "देवीचा झाला, आता आमचा."

"तो फेरा खरा नव्हता."

"शूः! देवळासमोर काय बोलतेस?" तारानं तिच्या कमरेला गुदगुल्या केल्या, बांगड्या उतरवल्या, रुमालात बांधल्या आणि तिच्या हातात कोंबल्या. "उतरल्यावर अडीचच्या दे. आईला मी पटवते." आणि बाजूनं पळत जाऊन चढली. कासारणीनं सांगितलं होतं तसंच सगळं केलं तिनं. ऊन होतं, पोटात भजी नव्हती, वेणी आत होती, समोर तिच्याच वजनाची मैत्रीण होती.

वर गेलेल्या पाळण्याची कडी उपसली. चाक फिरत राहिलं आणि तो एक पाळणा मात्र एकटा, सरळ खाली आला. मैत्रीण वाचली, तिचा पाय कायमचा गेला. तारा जागच्या जागी गेली. तिचे दोन्ही हात दांडीला तसेच घट्ट होते. सोडवावे लागले.

त्या वेळेपर्यंत पाहुणे निघून गेले होते. पाळणेवाल्यानं उजाडायच्या आत लोखंड बैलगाड्यांत भरलं आणि तोही गेला. आमच्याकडे जत्रेत हार घालून घ्यायला मोठी माणसं येतात. कडी बघायला कुणी येत नाही. मी हेच लिहिलं, छापलं, घरोघर टाकलं. आणि आळीत काय चर्चा चालली होती? देवीचा कोप झाला म्हणे. रांगेत कुणी विटाळशी होती म्हणे. मानाच्या फेऱ्याला कासारणीनं दगडांचं नाव काढलं, म्हणून देवी रागावली म्हणे. नानांनी यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. त्यांनी फक्त शांतीसाठी देवळात सभा बोलावली, आणि लोक बोलत होते ते बोलू दिलं.

सभेला कासारीण आली. बायकांच्या मागे बसली होती, ती उठली.

"कोप नाही," ती म्हणाली. "देवी माझ्या स्वप्नात कधी आलीच नव्हती. दृष्टांत मी रचला. पाळण्यात वजन टाकून बघा, एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही ऐकेनात म्हणून देवीचं नाव घेतलं. आता तरी ऐका. दगड टाका. देवीसाठी नको. पोरींसाठी."

मला वाटलं, जिंकली! मी पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा मनात जुळवला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला गोण्यांच्या पाया पडायला लावलंस?"

आणि सभा फुटली. गुरव ओरडला, बायका ओरडल्या. देवीच्या नावावर खोटं बोलली, म्हणूनच पोर गेली! कडी राहिली बाजूला, पाळणेवाला राहिला बाजूला, नारळ आणि नाना तर कुणाच्या मनातही नव्हते. मी बाकावर चढून घसा फोडला. मला दोघांनी खाली ओढलं. नाना हात वर करून म्हणाले, "शांत व्हा. बाई अडाणी आहे, तिला क्षमा करा." त्या क्षमेइतकं ओंगळ मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

नंतरही ती आळीत आली. त्याच ओट्यांवर बसली. "हात दे," म्हणाली. कुणी हात पुढे केला नाही. सुना दारातून आत वळल्या. पाणी मागितलं, ते बाहेरच तांब्या ठेवून दिलं. ताराच्या घरी तिनं दार वाजवलं, बराच वेळ वाजवलं. आत माणसं होती. दार उघडलं नाही.

ती आमच्या पायरीवर आली आणि गाठ मारलेला रुमाल माझ्या हातात दिला. "ठेव. तिच्या आईनं मागितल्या तर दे."

"मावशी, तू खरं बोललीस. मी पुन्हा छापतो, पुन्हा सभा घेऊ."

"तू छाप," ती म्हणाली. "मी पहिल्या वर्षीच भांडायला हवं होतं रे. हसले असते, हसू द्यायचं. सोपं पडलं म्हणून देवी पुढे केली, आणि मग खऱ्याला जागाच राहिली नाही." टोपली डोक्यावर घेताना तिला हात द्यावा लागला. असं आधी कधी झालं नव्हतं. ती परत आली नाही. मुरबाडकडच्या जत्रेत चौकशी केली. तिथंही तिला कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात जत्रा भरली. पाळणा आला, दुसरा, याहून मोठा. आम्ही चार पोरांनी गोण्यांत दगड भरून नेले. फाटकाशीच शिपायांनी अडवलं. जत्रेत दगड आणले म्हणून आमच्यावरच दंग्याचा संशय. गोण्या बाहेर ओतल्या गेल्या. आत पाळण्यात नारळ ठेवले, हार घातले, पहिला फेरा झाला. ती प्रथा मात्र मोडली नव्हती.

मी पत्रकं घेऊन रांगेपाशी उभा राहिलो. पोरी बांगड्या उतरवत होत्या. ते कुणी शिकवलं, हे त्यांच्यापैकी एकीलाही सांगता आलं नसतं. जत्रेत तसं करतात, एवढंच त्यांना ठाऊक. रुमालात बांगड्या बांधून झाल्या आणि त्या पाळण्याखाली बघू लागल्या. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. रुमाल कुणाला द्यायचे ते त्यांना कळेना.

"दादा, धराल का जरा?" एक म्हणाली.

"बसू नका," मी म्हणालो. "वजन टाकून बघितलेलं नाही."

"पहिला फेरा झाला की," ती म्हणाली, आणि रुमाल माझ्या हातात देऊन चढली. मग दुसरीनं दिला, मग तिसरीनं. पत्रकं खाली ठेवावी लागली. पाळणा हलला. मी ते सगळे रुमाल छातीशी धरून खाली उभा राहिलो, मान तिरकी केली आणि एक कान वर लावला.