भागूनानांची तार

इंजिनाच्या तेलाचा डबा उघडला की भागूनाना आधी एक थेंब उजव्या अंगठ्यावर घेत, त्यावर दुसरं बोट टेकवत आणि दोन्ही बोटं हळूहळू लांब करत. मग एक डोळा मिटून हात उन्हाकडे धरत आणि बोटांमध्ये ताणलेली तेलाची तार न्याहाळत. तार लवकर तुटली तर डबा आणणाऱ्याकडे असे बघत की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण तेल नाही, नानांच्या सात पिढ्यांची बेअब्रू डब्यात भरून आणलीय. "ह्ये घरी न्ह्या," नाना म्हणत. "वहिनीला म्हनावं, पापड तळा."

नेवासा फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. पण नाना मूळचे गुळवे. तरुणपणी गुऱ्हाळावर काहिलीशेजारी उभे राहून, उकळता पाक बोटांत धरून, काहील कधी उतरवायची ते सांगायचे. पुढे गुऱ्हाळं बंद पडली, नाना जिपा दुरुस्त करायला लागले, पण बोटं गुळाचीच राहिली. नानांना जाऊन दोन वर्षं झाली. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही ते म्हणतात, तू फार वाढवून सांगतोस. अहो, मी निम्मं गाळून सांगतोय.

नानांचा सिद्धान्त एकच. तेल जितकं घट्ट तितकं चांगलं. "तेल म्हंजी इंजिनाचं रगात," ते म्हणत. "पानीदार रगताचा मानूस पोतं उचलंल का?" यावर बोलणाऱ्याला नाना पोतं उचलायला लावतील अशी भीती असे.

माझी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. टोमॅटो-मिरचीचे ट्रे घेऊन गावोगाव जायला मी नवीकोरी पिकअप घेतली. तेल बदलायची वेळ आली तेव्हा गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन नानांकडे गेलो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, फाईव्ह डब्लू थर्टी. म्हणजे पातळ.

नानांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्ये लिवनारा कधी मिरचीचं ट्रे घिऊन आपल्या खड्ड्यांतनं गेल्ता का?"

"नसेल गेला."

"मंग त्याला काय इचारतो? मला इचार." आणि त्यांनी ट्वेंटी डब्लू फिफ्टी ओतलं. ते डब्यातून उतरायला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझ्या मिरचीच्या रोपांना फुलं आली असती.

उन्हाळा, पावसाळा बरा गेला. डिसेंबर लागला आणि एका पहाटे मी चावी फिरवली तर पिकअप अशी कण्हली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं तिला उलट हाक मारली. सुरू झाली, पण डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेना. तोवर इंजिनातून खडखड, आणि दिवा विझला तेव्हा कुठे गाडी शांत झाली. रोज हेच. नवं इंजिन रोज सकाळी काही क्षण कोरडं घासत होतं. ते माझ्या काळजावर घासत होतं म्हणा ना! पण नानांना सांगायची छाती कोणाची? शेवटी चोरासारखा श्रीरामपूरला गेलो आणि पुस्तकातलं पातळ तेल भरून आलो. दुसऱ्या दिवशी पिकअप चावी दाखवताच सुरू झाली.

आमच्या गावातून कुठेही जायचं तर वाट नानांच्या शेडवरूनच. नाना एका जीपखाली होते. खालूनच ओरडले, "रोपवाल्या, थांब! हिच्या पोटात काय घातलंस?"

"डिझेल, नाना."

ते बाहेर आले. बॉनेट उघडलं, मोजपट्टी ओढली, थेंब बोटावर घेतला. तार तुटली. नानांनी बॉनेट आपटून बंद केलं. पान्यांशीही गप्पा मारणारा हा माणूस पुढचे चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी नमस्कार केला की ते टायरला नमस्कार करत.

पाचव्या दिवशी निरोप आला, उद्या दिवस उगवायला ये, तुझं पातळ घेऊन.

मी गेलो तर शेडसमोर माणसं जमलेली. नानांनी एक पत्रा उतरता लावला होता. त्यांच्या तेलाची वाटी गारठ्यात बाहेरच होती, माझ्याही तेलाला त्यांनी तासभर थंडी खायला लावली. मग दोन्ही वाट्या एकदम पत्र्यावर ओतल्या. माझं तेल शर्यतीच्या बैलासारखं सुटलं आणि खाली पोचलंसुद्धा. नानांचं तेल लग्नाला निघालेल्या आत्यासारखं पावलापावलाला थांबत होतं. आम्ही चहा प्यालो. एकानं दाढी करून घेतली. तेल अजून निम्म्यावर.

नानांनी स्टोव्ह पेटवला, दोन्ही तेलं तापवली आणि पुन्हा पत्र्यावर सोडली. आता दोन्ही धावली.

नाना मटकन टायरवर बसले. "आयला, मी गुळव्या!" ते म्हणाले. "काहिलीतला पाक अन् ढेपंतला गूळ एकच आसतो, ह्ये मला कोनी सांगावं? मी तेल तपासतो दुपारी, उन्हात. गाडी सुरू व्हती पहाटं."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून ते पुस्तक वाचून घेतलं. त्यातलं सगळं त्यांनी दोन वाक्यांत बसवलं. "पैला आकडा गारठ्यातला, दुसरा तापल्यावरचा. नव्या इंजिनाच्या फटीत मुंगीबी आडवी व्हऊन जाईल, तिथं घट्ट तेल येळंवर पोचत न्हाई." जुन्या जिपांचं मात्र बरोबर होतं, त्यांच्या पुस्तकात घट्टच लिहिलेलं निघालं. पण नव्या तीन पिकअप नानांच्या हातचं घट्ट तेल पिऊन फिरत होत्या. एक माझी, ती सुटली. दुसरी फाट्यावरच होती, तिचं तेल दुपारच्या आत बदललं. तिसरी होती त्यांच्या व्याह्यांची.

इथे नाना अडले. लेकीचे सासरे, तात्यासाहेब, शेवगावकडचे बडे बागायतदार. त्यांच्या मिशांवर एकेक लिंबू सहज बसलं असतं. मुलीकडचे म्हणून नाना त्या घरी नऊ वर्षं सतरंजीच्या कडेला बसत आले होते. एकाच गोष्टीत तात्यासाहेब त्यांना मानत. गाडीचं काही निघालं की गावात सांगत, "आमच्या पाव्हन्यांना इचारा." चूक कबूल करायची म्हणजे तो एकुलता एक मान आपल्या हातानं परत करायचा, तोही लेकीसमोर.

"राहू द्या नाना," मी म्हणालो. "त्यांना कुठं कळतंय?"

"त्यांना न्हाई कळत," नाना म्हणाले. "इंजिनाला कळतंय."

दुसऱ्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे, कडक टोपी आणि मांडीवर पातळ तेलाचा डबा, अशा थाटात ते माझ्या पिकअपमध्ये बसले. अंगणात पोचताच, पाणीसुद्धा न पिता, उभ्या उभ्या म्हणाले, "तात्यासाहेब, तुमच्या गाडीत मी चुकीचं तेल घातलंय. बदलाया आलोय."

तात्यासाहेब हसले. "चेष्टा करता व्हय? तुमीच म्हनला हुता, पानीदार रगताचा मानूस पोतं उचलंल का. आमी साऱ्या गावाला सांगितलंय!"

"त्येच चुकलं."

"तुमचं कसं चुकंल? अन् पाव्हनं, ह्या गाडीला आता पातळ पाजनार? गाव म्हनंल, व्याह्याचा हात आखडला!"

दारात मंदा, नानांची लेक, पदर दातांत धरून उभी होती. नानांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत पाठ टेकून गाडीखाली सरकले. नट सुटला. काळं, घट्ट तेल घमेल्यात उतरू लागलं, सावकाश, थेंबाथेंबानं.

तात्यासाहेबांची पंचाईत झाली. पाहुणा जमिनीवर आडवा आणि आपण उभे, हे त्या घराण्यात चालण्यासारखं नव्हतं. ते दोनदा खाकरले, धोतर सावरलं आणि मिशांसकट नानांशेजारी गाडीखाली गेले. बाहेर चार पाय तेवढे दिसत होते. बराच वेळ दोघंही तेल बघत पडले.

"पाव्हनं," तात्यासाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला होता, "मंग आमच्या ट्रॅक्टरचं तेल तरी बराबर हाय ना?"

गाडीखालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"म्हाईत न्हाई," नाना म्हणाले. "पुस्तक बघावं लागंल."

गाडीखालचे दोन पाय दचकले. मग तात्यासाहेब खालूनच गरजले, "सूनबाई! ट्रॅक्टरचं पुस्तक आना. अन् चष्मे दोन आना!"