एक जास्तीचा काना

तिला अक्षर मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं मी कुठे उभी राहून सांगतेय, ते त्यातून कळेल.

नाशिक रोडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते, ती गणित. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खातोय. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार माझ्याकडे असतो. पालक जवळ जाऊन बघतात आणि विचारतात, "छापलंय का हो?" तिचं अक्षर मात्र उतारावरून घसरत निघालेलं.

तिचे सासरे अंथरुणाला खिळले आणि तिच्या वाट्याला शाळा नि घर एवढंच उरलं. रविवारी दुपारी नणंद यायची, तेवढे दोन तास तिला सुटी. त्या वेळात ती माझ्याकडे इंदिरानगरला यायला लागली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला काहीतरी शिकव गं. नाहीतर मी कोणावर तरी ओरडेन."

मी तिला चपटा ब्रश धरायला शिकवला. महिनाभर नुसत्या उभ्या-आडव्या रेषा काढून घेतल्या. मग एका रविवारी तिने साडीच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि निळ्या रंगात लिहिलं, ‘येथे मत मांडण्यास मनाई आहे. मांडायचंच असेल तर ताटं मांडा.’

मी हसले. त्या दिवशी तरी मनापासून हसले.

त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं. ‘सल्ले स्वीकारले जाणार नाहीत. मागचेच अजून पडून आहेत.’ ‘लोक काय म्हणतील? चौकशी समोरच्या खिडकीत करावी.’ स्टाफरूमच्या कपाटावर तिच्या पाट्या लागल्या. शिपाईकाकासुद्धा थांबून वाचायचे आणि स्वतःशी हसत जायचे. माझ्या सुविचारापुढे वीस वर्षांत कोणी हसलं नव्हतं. रडलंही नव्हतं.

मीही एकदा दार लावून बसले. उत्तम कागद, उत्तम शाई. चार तासांनी कागदावर उतरलं, ‘हसत राहा, जीवन सुंदर आहे.’ अक्षर अप्रतिम होतं. मी तो कागद फाडला.

मग शहरातल्या शिक्षकांच्या कलाकृतींचं प्रदर्शन ठरलं. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉलमध्ये तिला आणि मला शेजारशेजारची भिंत मिळाली. आदल्या रविवारी ती बारा पाट्या घेऊन आली. "शुद्धलेखन तेवढं बघ. मला काना-मात्रा दिसतच नाहीत," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दोन पाट्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी दुरुस्त केल्या. शेवटची पाटी सगळ्यांत मोठी होती. तिला लिहायचं होतं, ‘आमच्या घरी सुनेला समान वागणूक मिळते. खात्री सासूबाईंकडे करावी.’ घाईत एक काना जास्तीचा पडला होता. ‘समान’चं ‘सामान’ झालं होतं.

मला ते लगेच दिसलं. हात पेन्सिलीकडे गेला आणि मागे आला. ती चहा घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "ठीक आहे सगळं."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून मी त्या पाटीकडे तिरक्या नजरेने बघत होते. कोणीतरी बोट दाखवेल, गणिताच्या बाईंचं मराठी बघा म्हणेल. दुपारी बायकांचा एक घोळका आला. त्यांतली एक पाटीसमोर थांबली आणि मोठ्याने हसली. "सामान वागणूक! अगं, हे तर माझ्यावरच लिहिलंय. इकडून उचल, तिकडे ठेव!" बाकीच्याही हसल्या. एकीने डोळे पुसले. मग जो येईल तो त्याच पाटीबरोबर फोटो काढू लागला. माझ्या भिंतीपाशी एक गृहस्थ म्हणाले, "वा, सुंदर," आणि त्या गर्दीत सामील झाले.

ती गोंधळून माझ्याकडे आली. "अगं, सगळे सामान सामान काय म्हणतायत? मी समान लिहिलं होतं ना?"

"सामान लिहिलंयस."

तिने वळून पाटी पुन्हा वाचली. "तू तर तपासलं होतंस."

"हो. दिसलं होतं मला."

"मग?"

"तुझी फजिती व्हावी म्हणून बोलले नाही."

हे मी इतक्या सहज कसं बोलले, मला अजून कळत नाही. तिने हळू आवाजात विचारलं, "आणि झाली असती तर तू काय केलं असतंस?"

"बहुतेक तुझी समजूत काढली असती."

ती त्या बायकांमध्ये परत गेली.

रविवार बंद झाले. डबा एकाच टेबलावर, पण बोलणं फक्त पेपर तपासणीचं. दिवाळीच्या सुटीनंतर मला राहवेना. मी तिच्या घरी गेले आणि दारातच म्हणाले, "मी तुझ्यावर जळते. गेली दोन वर्षं जळतेय. चुकलं माझं."

"कळलंय मला," ती म्हणाली. "राग गेलेला नाही. पण त्या दिवशी हॉलमध्ये तू खोटं बोलली असतीस तर मला पत्ताही लागला नसता. आत ये, सासऱ्यांना भरवायचंय, वाटी धर."

मी वाटी धरली.

आता ती पाट्या मराठीच्या बाईंकडून तपासून घेते. तिने मला परत कधी विचारलं नाही आणि मीही ‘मला विचार’ म्हटलं नाही. मागच्या महिन्यात सटाण्याच्या एका महिला मेळाव्यात तिच्या पाट्या मागवल्या होत्या. एकटीला जमणार नाही म्हणून मी सोबत गेले. मी दोऱ्या बांधत होते. कांद्याच्या खळ्यावरून थेट आलेली एक बाई पाटीकडे बघत मला अहिराणीत म्हणाली, "हाई तू लिखेल शे का?"

क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. मग मी पलीकडे पाट्या मांडणाऱ्या मैत्रिणीकडे बोट दाखवलं. ती बाई लगबगीने तिकडे गेली आणि दोघी खूप वेळ हसत बोलत राहिल्या. मी गाठ मारली, ती सैल वाटली, म्हणून सोडून पुन्हा मारली.