नानांच्या चाकूला क्लिप

नंदाखालला माझ्या सासरच्या वाडीत जावयाने फक्त केळी खायची असतात. लावायची, शिंपायची, तोडायची ती इतरांनी. मी नुसतं घमेलं उचललं तरी सासूबाई धावत येऊन ते काढून घेतात आणि नाना, म्हणजे माझे सासरे, अदबीने म्हणतात, "जावईबापू, तुम्ही बसा." लग्न झाल्यापासून मी बसलोच आहे. (पोट त्याचंच आहे, असं बायकोचं मत.)

बसल्या बसल्या माणूस काय करणार? स्वप्नं बघणार. केळीच्या पानांतून हिरवा उजेड झिरपत असतो, पाटाचं पाणी पेंगत पेंगत चाललेलं असतं, आणि त्या उजेडात मला दिसतं की मी डोक्याला पंचा गुंडाळून घड उतरवतोय, आणि नाना शेजाऱ्यांना सांगतायत, "हे नसते तर माझं काही खरं नव्हतं." इथे दर वेळी माझे डोळे पाणावतात. मग सासूबाई चहा आणतात आणि वाडी पुन्हा नानांची होते.

हे स्वप्न खरं करायची संधी मला एका चाकूने दिली. नानांचा घडीचा चाकू आहे, लाकडी मुठीचा. पानं, फुलं, सुतळी, सगळं त्यानेच कापायचं. पण नाना वाकले की तो खिशातून निसटतो आणि थेट पाटात! मग नाना कोपरापर्यंत हात घालून चिखल चाचपत बसतात. मी म्हटलं, याला खिशाला अडकवायची क्लिप लावून देतो, पेनाला असते तशी. मुलगी देताना केला नव्हता एवढा विचार करून त्यांनी चाकू माझ्या हाती दिला.

क्लिप मोबाईलवरून मागवली. जूचंद्रच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मुठीला भोकं पाडून इवल्याइवल्या स्क्रूंनी ती बसवली. (टेबलालाही भोक पडलं. त्यावर आता मिठाची बरणी असते.) क्लिप अशी कडक की माझंच बोट तिने धरून ठेवलं. बायको म्हणाली, जरा सैल करा. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही, पकड हाच तर क्लिपचा गुण.

चाकू परत द्यायला मी मुहूर्तही झकास शोधला. सासरी सत्यनारायण होता. नवं जोडपं, म्हणजे माझा मेहुणा आणि त्याची बायको, पूजेला बसणार होतं. व्याही मंडळी आली होती, गुरुजी चौरंग मांडून केळीच्या खुंटांची वाट बघत होते. नाना गुडघ्यापर्यंतच्या पट्टेरी चड्डीवर खुंट आणायला निघाले होते. त्यांच्या खिशाची कड विरलेली, क्लिप काही धरेना. तेव्हा मीच पुढे होऊन चाकू पुढच्या बाजूला कमरेला खोचला आणि क्लिप दाबून बसवली. नाना नाडीला सुरगाठ मारतात, एक टोक ओढलं की सुटणारी. ते टोक क्लिपमध्ये गेलेलं मला दिसलं नाही. मला तेव्हा फक्त माझी कर्तबगारी दिसत होती.

मीही मागोमाग वाडीत गेलो. नाना केळीपाशी थांबले आणि त्यांनी चाकू ओढला. क्लिप सोडेना. त्यांनी हिसका दिला. चाकू आला. त्याच्यामागून नाडी आली, सबंध, नेफ्यातून सरसर बाहेर! चड्डीही निघाली होती, पण नानांनी ती वेळेत पकडली.

पाटाच्या पलीकडे विहीणबाई दुर्वा खुडत होत्या. घरातून गुरुजींची हाक आली. नानांच्या एका हातात चड्डी, दुसऱ्यात चाकू, चाकूला लोंबणारी नाडी. आणि घडीचा चाकू एका हाताने उघडत नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "आता तुमच्याशिवाय नाही व्हायचं."

माझा ऊर भरून आला. मी चाकूसाठी हात पुढे केला.

"चाकू राहू दे. चड्डी धरा."

मी मागे उभा राहून धरली, दोन्ही मुठींनी. नानांनी चाकू उघडला आणि शांतपणे एकेक खुंट कापला. ते पुढच्या केळीकडे सरकले की मी सरकायचो. वर पानं सळसळत होती, तोच हिरवा उजेड अंगावर पडत होता, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

पूजा यथासांग झाली. प्रसादाला बसल्यावर व्याह्यांनी खुंटांची तारीफ केली, तेव्हा नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्या जावयांची मदत झाली." व्याही कौतुकाने माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वा! काय मदत केलीत?"

नानांनी डोळ्यांनी खूण केली. पण या प्रश्नाची मी लग्नापासून वाट पाहत होतो. मी उठून उभा राहिलो आणि सुरगाठीपासून सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट.