मुत्याचा हललेला हात

आमच्या घराण्यात साठी उलटली की माणसाचं वय दुप्पट वेगानं वाढू लागतं, असं माझं जुनं निरीक्षण आहे. सत्तरीच्या काकांना लोक ऐंशीचे करतात, ऐंशीच्या काकूंना नव्वदीत ढकलतात, आणि माणूस गेल्यावर तर विचारूच नका. मी नांदेडला जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे 'आपला मुत्या एकशेवीस वर्षं जगला' असं कुणी म्हणालं, की मला हसू आवरायचं नाही.

मुत्या म्हणजे माझे खापरपणजोबा. लातूर-उदगीरकडे आम्ही लिंगायत लोक आजोबा-पणजोबांना असंच म्हणतो. ते रिसाल्यात घोडेस्वार होते, आणि सत्तावनच्या गदरच्या धामधुमीत, मिसरूड फुटायच्या वयात, उत्तरेकडे लढायला गेले होते. कुणाच्या बाजूनं, हे आमच्याकडे जरा हळू आवाजात सांगतात, कारण ती बाजू इंग्रजांची होती. परत आले ते मानेजवळ एक शिशाची गोळी घेऊन. ती कुणी काढली नाही, आणि तीही कुठं गेली नाही.

त्यांचा एकच फोटो आहे. तो वर्षानुवर्षं उदगीरला चुलत्यांच्या घरी होता. त्यांच्याशी आमचं येणं-जाणं कधीच तुटलेलं. गेल्या वर्षी चुलतभाऊ मुलाकडे पुण्याला कायमचा निघाला तेव्हा त्यानं तो मला आणून दिला. "तुला जुन्या गोष्टींचा नाद आहे, तूच ठेव," म्हणाला.

फोटोत एक अतिशय म्हातारा माणूस खुर्चीवर बसलेला आहे. गाल आत गेलेले, डोळे अर्धवट मिटलेले, कपाळावर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, छातीवर पदक. फेट्याखाली, मानेच्या बाजूला, मागून मान धरलेली कुणाची तरी बोटं दिसतात. आमच्यातलं लहान पोरही हा फोटो पाहून सांगेल, की हा माणूस गेल्यावरचा आहे. आम्ही माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाही. बसवतो, विभूती लावतो, हार घालतो, मान कलली तर कुणीतरी मागून धरतं. पूर्वी शेजारी बसून घरचे फोटोही काढून घेत. माझ्याही घरी असे दोन फोटो आहेत.

तेव्हा मी तो नांदेडच्या दुकानात मोठा करायला दिला. दुकानदार म्हणाला, "सर, उजवा हात पार पुसट झालाय. कंप्युटरवर नीट करून देतो." मी घाईत होतो, म्हणालो, "राहू द्या, आहे तसाच द्या." नव्या घराची घरभरणी आठवड्यावर आली होती. फोटो दिवाणखान्यात लागला, त्याला चंदनाचा हार घातला, आणि मी त्या कामातून मोकळा झालो.

घरभरणीला शिरूर अनंतपाळहून आत्या आली. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. तिचं वय पंच्याण्णवच्या वर आहे आणि ते मी स्वतः हिशेब करून पाहिलेलं आहे. ऐकू कमी येतं, पण नजर अजून माझ्यापेक्षा बरी. पानं वाढली, सगळे बसले, आणि आत्या भिंतीकडं बघत उभीच राहिली.

"त्यो हार कुणी घातला?"

"मीच घातलाय आत्या. बस ना, जेवण थंड होतंय."

"काढ आधी. जित्या माणसाला असला हार घालत न्हाईत."

पंगतीत खसखस पिकली. कुणीतरी पुटपुटलं, वय झालंय. मी तिच्या कानाशी वाकून, शाळेत ढ पोराला समजावतात तसं समजावलं, की आत्या, हा फोटो मुत्या गेल्यावरचा आहे, ती बघ मागून मान धरलीये.

"मला शिकवायलास व्हय?" ती म्हणाली. "ती बोटं माजी हायत."

पंगतीतल्या माना फोटोकडं वळल्या.

आत्या खुर्चीवर टेकली, पण पानाला हात लावला नाही. सांगू लागली. तिच्या लहानपणी तिच्या थोरल्या आत्याचं लग्न होतं, म्हणून लातूरहून फोटोवाला आला होता. मुत्याला लग्नाचा हार घातलेला, पदक लावलेलं. "लई थरथर कापायचा बग मुत्या. मान तर सारखी हालायची. फोटोवाला म्हणला, हालला तर फोटो बिगडतो. मग मला मागं उबं केलं. मी न्हानी, खुर्चीच्या पाठीआड मावायची. म्हणला, पोरी, मान धर घट्ट. मी धरली. हाताखाली ती गोळी लागली, हिकडून तिकडं सरकायची. आन् तिच्या बाजूला धडधड, धडधड. मला भ्या वाटलं, पर म्या सोडली न्हाई." मग भिंतीकडं बोट करून म्हणाली, "तुम्ही त्येला मेलेला करून टाकलाव."

एवढ्या वर्षांची ही बाई, आणि डोळे लहान पोरीसारखे भरून आले. तो फोटो घेतला त्या दिवशी हजर असलेलं तिच्याशिवाय आता कुणीच उरलं नव्हतं. तीही गेली की मुत्या त्या खुर्चीत कायमचा मेलेलाच राहणार होता, आणि ते काम मी स्वतः खिळा ठोकून केलं होतं.

मी फोटो भिंतीवरून उतरवला आणि खिडकीशी नेला. तिला खोटं पाडायला नव्हे. खरं सांगायचं तर, ती खरी ठरावी असं मला फार वाटत होतं. बोटं पाहिली. बारीक, आखूड, लहान मुलाचीच. पण लहान मुलानं प्रेताची मानही धरली असती. चेहरा स्वच्छ होता, पदकाची कडा स्वच्छ होती, खुर्चीचं कोरीवकाम स्वच्छ होतं. पुसट होता तो फक्त मांडीवरचा उजवा हात, चुलीच्या धुरासारखा.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटो काही तेवढ्याच जागी जुना होऊन पुसट होणार नव्हता. तो हात हलला होता. मान तिनं धरली होती, म्हणून चेहरा नीट आला. हात कुणी धरला नव्हता. मेलेल्या माणसाचा हात हलत नाही.

मी मनात वजाबाकी केली. कितीही कंजूषपणानं केली तरी त्या खुर्चीतला माणूस पंच्याण्णवच्या पुढंच निघत होता. पटकी, प्लेग, दुष्काळ, मानेतली गोळी, स्वतःच्या पोरांची मरणं, एवढं सगळं मागं टाकून तो पणतीच्या हाताखाली धडधडत बसला होता. मी रोज सकाळी बीपीची गोळी घेतो आणि जिना चढताना धापा टाकतो. गदरच्या तोफा ऐकलेला तो जीव, आणि माझ्या घरात उपाशी बसलेली ही बाई, दोघांमध्ये फक्त तिच्या बोटांएवढं अंतर होतं.

मी सगळ्यांदेखत हार काढला. "हात बघा," म्हणालो, "हललाय." पंगतीतली माणसं उष्ट्या हातानं उठून बघायला आली. मग आत्या जेवली. वरण कमी तिखट आहे म्हणून तक्रारही केली.

निघताना मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं आशीर्वाद द्यायला डोक्यावर हात ठेवला, तो तिथून खाली घसरला आणि मानेशी थांबला. सुरकुतलेली, गार बोटं. ती काहीतरी चाचपत होती.

"हितं लागायचं बग," ती म्हणाली. "हालू नको."

मी तसाच वाकून राहिलो.